फोडणी, भोंगा आणि जामीनदार: ब्रिटनमधील विद्यार्थिजीवनाच्या कटकटींचा उलगडा

सप्टेंबर उजाडला की ब्रिटनच्या विमानतळांवर मराठी विद्यार्थ्यांची नवी तुकडी उतरते. काट्यावर पुन्हा पुन्हा तोलून भरलेल्या दोन बॅगा, त्यांतल्या एकीत प्रेशर कुकर, गोडा मसाला आणि मेतकूट, पाठीवर लॅपटॉप आणि खिशात आईने कोंबलेली सुपारीची पुडी, असा हा संसार असतो. अभ्यासक्रम, विद्यापीठाची क्रमवारी, शिष्यवृत्तीच्या अटी यांचा अभ्यास वर्षभर झालेला असतो. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात घाम फुटतो तो मात्र पुस्तकांमुळे नव्हे, तर नळ, प्लग, भोंगा आणि दारातून आत पडणारी पत्रे यांच्यामुळे.

या फजितीचे किस्से ब्रिटनमधील मराठी घरांत चवीने सांगितले जातात. सांगणारे बहुधा एके काळचे विद्यार्थीच असतात आणि आता त्यांच्या नावावर घर, गाडी व गृहकर्ज असते. किस्सा रंगतो, पण त्यामागचे कारण सांगायचे राहून जाते. इथे जन्मलेल्यास हे नियम कुणी सांगत नाही, कारण ते त्याला हवेतून कळलेले असतात. बाहेरून आलेल्यासही कुणी सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊक नसतील हे कुणाच्या ध्यानात येत नाही. यांतील काही कटकटींवर मनमुराद हसावे. काहींवर हसण्याचे मोल पौंडांत मोजावे लागते. आणि एकदोन अशा आहेत, की तिथले हसणे थेट व्हिसावर बेतते. कोणती कटकट कोणत्या खणात ठेवायची, हे वेळीच कळणे महत्त्वाचे.

दोन नळ, तीन पिना आणि एक लाल दोरी

जुन्या इंग्रजी घरातील बेसिनला दोन नळ असतात. एकातून चटका बसतो, दुसऱ्यातून हुडहुडी भरते, आणि हात धुणारा दोन्हींच्या मध्ये टाळ्या वाजवल्यासारखे हात हलवत राहतो. यामागे एक जुनी सावधगिरी आहे. थंड पाणी थेट मुख्य जलवाहिनीतून येई आणि ते पिण्याजोगे असे. गरम पाणी मात्र माळ्यावरच्या टाकीतून येई आणि त्या टाकीत धूळ, किडे काहीही पडलेले असण्याची शक्यता असे. टाकीतले पाणी उलट वाहून पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, म्हणून दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्या गेल्या. अनेक घरांतून टाक्या गेल्या, नळ राहिले. यावर इलाजही त्याच बेसिनमध्ये आहे. साखळीला अडकवलेले ते बूच शोभेचे नसते. बेसिन हे इंग्रजांचे घंगाळ आहे आणि विसण त्यातच करायचे असते.

प्लगची कथा याहून गमतीची आहे. भारतातील गोल पिनांचा प्लग हा मूळचा ब्रिटिश मानकाचाच. ब्रिटनने १९४७ साली चौकोनी पिनांचे आणि पोटात फ्यूज असलेले नवे मानक स्वीकारले. ज्या वर्षी साहेबाने भारत सोडला, त्याच वर्षी त्याने गोल पिनांचाही निरोप घ्यायला सुरुवात केली. भारताने मात्र त्या जपून ठेवल्या. इथल्या सॉकेटमध्ये झडपा असतात आणि वरची लांब पिन आत गेल्यावरच त्या उघडतात. म्हणून पुण्याहून आणलेला दोन पिनांचा चार्जर कितीही रेटला तरी आत जात नाही. मग कुणीतरी वरच्या भोकात पेन खुपसण्याची युक्ती शिकवते. ती युक्ती लहान मुलांचे रक्षण करणारी झडप निकामी करण्याची आहे, एवढे लक्षात घेऊन दोन-तीन पौंडांचा अडॅप्टर विकत घेणे शहाणपणाचे. विजेचा दाब दोन्ही देशांत सारखाच असल्याने उपकरणाला धोका नसतो.

न्हाणीघरात मात्र साधे सॉकेट सापडतच नाही. पाणी आणि वीज शेजारी नसावीत, हा वायरिंगचा दंडक तिथे कडकपणे पाळला जातो. दिव्याचे बटणही बाहेर असते किंवा छतातून दोरी लोंबत असते. अपंगांसाठीच्या प्रसाधनगृहात अशीच एक लाल दोरी असते. ती दिव्याची समजून ओढली की दिवा लागत नाही, मदतीला माणसे धावून येतात. त्या वेळी द्यावे लागणारे स्पष्टीकरण कोणत्याही भाषा-परीक्षेत विचारलेले नसते.

फोडणीचा भोंगा

वसतिगृहात रात्री साडेदहाला भोंगा वाजतो, सहा मजल्यांवरील मुले रात्रीच्या कपड्यांत थंडीत कुडकुडत खाली उभी राहतात, आणि हिंगाच्या वासावरून गुन्हेगाराचा छडा लागतो. या प्रसंगाचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे.

बहुतेक वसतिगृहांच्या स्वयंपाकघरात धूर ओळखणारे नव्हे, तर उष्णता ओळखणारे यंत्र असते. तापमान फार वाढले किंवा अतिशय झपाट्याने चढले तरच ते वाजते. धूर ओळखणारी यंत्रे असतात ती मार्गिकांत आणि खोल्यांत. त्यांच्या आत प्रकाशाचा एक झोत सोडलेला असतो. हवेतील कण मध्ये आले की प्रकाश विखुरतो आणि यंत्र बोंब ठोकते. कण लाकडाच्या धुराचे, तापलेल्या तेलाचे, न्हाणीघरातल्या वाफेचे की सुगंधी फवाऱ्याचे, हा भेद ते सहसा करत नाही.

आता मराठी माणसाची सवय पाहावी. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका लागला, की तो पहिल्यांदा दार उघडतो, म्हणजे धूर बाहेर जाईल. इथे नेमकी हीच चूक होते. दार उघडताच धूर उष्णतेच्या यंत्राच्या हद्दीतून निघून धुराच्या यंत्राच्या हद्दीत शिरतो. आपोआप मिटणाऱ्या त्या जड अग्निरोधक दाराला खुर्ची लावून ठेवणे, हे अनेक भोंग्यांचे मूळ असते. दार मिटलेले, खिडकी उघडी, वरचा पंखा चालू आणि आच मध्यम, एवढे पाळले की आमटीही होते आणि शेजाऱ्यांची झोपही.

गणेशोत्सव बहुधा याच सुमारास येतो. खोलीत उदबत्ती, धूप किंवा निरांजन लावण्यास बहुतेक वसतिगृहांची मनाई असते. बाप्पाला विजेवरचे निरांजन चालते. यंत्राला धूप चालत नाही. यंत्रावर प्लास्टिकची टोपी चढवणे हा मात्र विनोद नव्हे. तो शिस्तभंग मानला जातो, त्यासाठी दंड होऊ शकतो, आणि खरी आग लागल्यास त्या मजल्यावर झोपलेल्यांचा जीव त्या टोपीखाली असतो.

उत्तर नको असलेला प्रश्न

दुकानात, वर्गात, जिन्यात भेटणारा प्रत्येक जण ‘यू ऑलराइट?’ असे विचारतो. नवा विद्यार्थी प्रामाणिकपणे सर्दी, अपचन आणि घरमालक या क्रमाने सांगू लागतो. समोरच्याचा चेहरा पडतो. हा प्रश्न नाही, तो नमस्कार आहे. मराठीतील ‘काय, कसं काय?’ यालाही कुणी वैद्यकीय अहवाल देत नाही. ‘एकदा चहाला भेटू’ हेही तसेच. ‘या ना एकदा घरी’ या वाक्यावर वाढलेल्या पुणेकराला तरी ते कळायला हवे. तारीख आणि वेळ ठरली तरच ते आमंत्रण. त्यातही उत्तर इंग्लंडमध्ये ‘टी’ म्हणजे संध्याकाळचे जेवण असू शकते, म्हणून पोटभर खाऊन जाऊ नये.

गुणांचेही असेच आहे. दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर असलेल्या मुलाला पहिल्या निबंधात पासष्ट मिळतात आणि प्राध्यापक ‘चांगले आहे’ म्हणतात. मुलाला तो उपहास वाटतो, आणि दूरध्वनीवर आईचा ‘पासष्ट?’ हा उद्गार ऐकून तर खात्रीच पटते. ब्रिटिश विद्यापीठांत सत्तर म्हणजे सर्वोच्च श्रेणी आणि साठ ते एकोणसत्तर ही त्याखालची मानाची श्रेणी. एवढी गोष्ट आधीच घरी सांगून ठेवली तर अनेक दिवाळ्या गोड होतील.

त्या दूरध्वनीचीही एक अडचण आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी असलेले साडेचार तासांचे अंतर साडेपाच तासांचे होते. रात्री दहाला जेवणे आटोपून आई जो फोन करते, तो आतापर्यंत इथे साडेपाचला, वर्ग सुटल्यावर येत असे. आता तो साडेचारला, भर तासात वाजतो. ‘आमची वेळ तीच आहे, तूच बदललास,’ हे आईचे म्हणणे शब्दशः खरे असते. घड्याळे हलवण्याची ही प्रथा ब्रिटनमध्ये १९१६ सालापासून आहे. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आधी मावळतो. तेव्हा कारण नसताना येणारी उदासी ही आळशीपणाची खूण नव्हे. दुपारच्या उजेडात तासभर बाहेर पडणे, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

जी पत्रे फेकून देऊ नयेत

इथून पुढे हसण्याला किंमत लागते. घरात पाऊल ठेवताच ‘कायदेशीर रहिवासी’ अशा निनावी व्यक्तीच्या नावे टीव्ही परवान्याचे पत्र येते. खोलीत टीव्ही नाही, म्हणून विद्यार्थी ते टाकून देतो. परंतु हा परवाना यंत्राचा नसून पाहण्याचा आहे. कोणतेही थेट प्रक्षेपण, मग ते मोबाइलवर का असेना, पाहायचे तर परवाना लागतो. बीबीसी आयप्लेअरवर काहीही पाहायचे तरी लागतो. भारत-इंग्लंड कसोटी थेट पाहिली तर परवाना हवा. सामना संपल्यावर यूट्यूबवर क्षणचित्रे पाहिली तर नको. विद्यार्थ्यांना एक सवलत आहे: बॅटरीवर चालणाऱ्या, भिंतीतल्या विजेला न जोडलेल्या यंत्रावर पाहणाऱ्यास पालकांच्या घरचा परवाना पुरतो. मात्र पालक सदाशिव पेठेत राहत असतील तर ही सवलत उपयोगाची नाही. परवान्याविना पाहिल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. काहीच थेट पाहत नसल्यास तसे संकेतस्थळावर कळवता येते आणि पत्रे काही काळ थांबतात. रेडिओला परवाना लागत नाही. बाळ ज. पंडितांचे समालोचन ऐकून वाढलेल्या आजोबांचा नातू कसोटी कानांनी अनुभवू शकतो.

दुसरे पत्र स्थानिक कौन्सिलचे. पूर्णवेळ विद्यार्थीच राहत असलेल्या घराला कौन्सिल टॅक्स माफ असतो. पण ही माफी बहुधा अर्ज करून आणि विद्यापीठाचे प्रमाणपत्र जोडून मिळवावी लागते. खरा घोळ वर्षाच्या शेवटी होतो. चौघांपैकी एकाचा अभ्यासक्रम संपतो, त्याला नोकरी लागते, पेढे वाटले जातात, आणि त्याच दिवसापासून घराची संपूर्ण माफी जाते. घरात एकच बिगरविद्यार्थी असेल तर पंचवीस टक्के सूट मिळते. उरलेल्या रकमेवरून जी भांडणे होतात, ती वर्षभराची मैत्री गिळतात. पेढ्यांबरोबर हा हिशेबही त्याच दिवशी केलेला बरा.

भिंतीवरचा काळा नकाशा

जानेवारीत पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी उमटते. घरमालक म्हणतो, ‘खिडकी उघडा.’ बाहेर दोन अंश तापमान असताना हा सल्ला क्रूर विनोद वाटतो. परंतु त्यात तथ्य आहे. कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याची आंघोळ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांतून बरीच वाफ हवेत जाते. गार भिंतीला ती भेटली की तिचे पाणी होते आणि पाण्यावर बुरशी धरते. स्वयंपाक व आंघोळीनंतर दहा मिनिटे खिडकी उघडून कोंदट हवा बाहेर घालवणे आणि पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे, हे उपाय कामी येतात.

तथापि छत गळत असेल किंवा भिंतीतूनच ओल येत असेल, तर तो भाडेकरूचा दोष नव्हे. दुरुस्ती घरमालकाने करायची असते. म्हणून राहायला गेल्याच दिवशी प्रत्येक भिंतीचे, गादीचे आणि शेगडीचे छायाचित्र तारखेसह ईमेलने पाठवून ठेवावे. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण खासगी भाडेकरारात अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि ती मिळाल्यापासून तीस दिवसांत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवावी लागते. वाद झाल्यास या योजनांतून विनाशुल्क निवाडा मिळतो. तिथे शब्दांपेक्षा छायाचित्रांना वजन असते.

आणखी एक रक्कम विद्यार्थ्याने व्हिसाच्या वेळीच भरलेली असते: आरोग्य अधिभार, वर्षाला ७७६ पौंड. तरीही असंख्य मुले जवळच्या डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नाव नोंदवत नाहीत आणि ताप चढल्यावर धावाधाव करतात. डॉक्टर शेवटी पॅरासिटामॉल आणि विश्रांतीच सांगतात, ही तक्रार खरी असली तरी नाव पहिल्या आठवड्यातच नोंदवावे. दुखणे नेहमीच पॅरासिटामॉलने बरे होणारे नसते.

जिथे हसू नये

पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यास सत्रकाळात आठवड्याला वीस तास काम करता येते. हा आठवडा कोणताही सलग सात दिवसांचा नसतो. तो सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. एका आठवड्यात पंचवीस आणि पुढच्यात पंधरा अशी सरासरी चालत नाही. दोन ठिकाणी काम असेल तर तास एकत्र मोजले जातात. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा उन्हाळा प्रबंधलेखनात जातो. वर्ग बंद असले तरी तो काळ बहुधा सुटीचा धरला जात नाही, आणि तिथेच अनेकांचा घोटाळा होतो.

याहून कमी ठाऊक असलेला नियम स्वयंरोजगाराचा. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करण्यास मनाई आहे. अॅपवरून सायकलने जेवण पोहोचवण्याचे काम सहसा स्वयंरोजगारात मोडते. मित्राच्या खात्यावरून ते करणे तर दुहेरी गुन्हा. आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटावर चकल्या, मोदक किंवा रोजचा डबा विकणे हाही व्यवसायच. ‘गरजू मुलगी आहे, तेवढीच मदत’ या भावनेने दिवाळीच्या फराळाची मागणी नोंदवणाऱ्या घरांना हे सहसा माहीत नसते. अटीचा भंग सिद्ध झाल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि चकलीच्या पैशांपायी कर्ज काढून घेतलेले शिक्षण अर्ध्यावर सुटू शकते. मदतच करायची तर विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य निधीची वाट दाखवावी, किंवा रीतसर पगारावरची अर्धवेळ नोकरी शोधायला हातभार लावावा.

‘काका, जामीन राहाल का?’

शेवटची कटकट विद्यार्थ्याची असली तरी ती दार ठोठावते स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाचे. घरमालकाला ब्रिटनमध्ये राहणारा, उत्पन्न दाखवू शकणारा जामीनदार हवा असतो. जामीनदार म्हणजे विद्यार्थ्याचे आईवडील, असे गृहीत धरूनच ही पद्धत घडलेली आहे; नाशिकचे आईवडील त्या चौकटीत बसत नाहीत. पूर्वी यावर सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरून मार्ग काढला जाई. ‘रेंटर्स राइट्स अॅक्ट, २०२५’ या कायद्यानुसार १ मे २०२६पासून इंग्लंडमधील खासगी भाडेकरारांत एका महिन्याहून अधिक भाडे आगाऊ मागण्यास मनाई आहे. परिणामी जामीनदाराचे महत्त्व वाढले आहे, आणि मित्राच्या भाच्याचा किंवा गावाकडच्या ओळखीचा फोन येण्याची शक्यताही.

अशा वेळी भावनेपेक्षा कागद आधी पाहावा. चार विद्यार्थ्यांनी मिळून एकच करार केला असेल, तर कायद्याने प्रत्येक जण संपूर्ण भाड्यास जबाबदार असतो. त्यातील एकाचा जामीनदार झालेल्या काकांना, कागदात मर्यादा घातली नसल्यास, कधीही न भेटलेल्या उरलेल्या तिघांचे थकलेले भाडे आणि मोडलेले कपाटही भरावे लागू शकते. म्हणून जामीन ‘या विद्यार्थ्याच्या हिश्शापुरताच’ आणि अमुक रकमेपर्यंतच, असे लेखी करून मागावे. करार वाढवल्यास जामीन आपोआप पुढे चालू राहतो का, हेही पाहावे. घरमालकाने नकार दिला, तर काही विद्यापीठे स्वतः जामीन राहण्याची योजना चालवतात, आणि शुल्क घेऊन जामीन देणाऱ्या खासगी सेवाही आहेत.

१९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले तेव्हापासून नवागतांना असा सल्ला पंगतीत, ताक वाढता वाढता मिळत आला आहे. तो आजही तसाच मिळावा. जामिनाचा कागद समोर आल्यास ‘वाचून दोन दिवसांत सांगतो’ म्हणण्यात संकोच नसावा. आणि त्या विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलावताना ‘या ना एकदा’ असे न म्हणता, वार आणि वेळ सांगूनच बोलवावे.